आईचा उपास

"मीठ बघ रे," आई म्हणाली आणि तिने चमचाभर गरम रस्सा त्याच्या तळहातावर ओतला.

त्याने अजून बूटही काढले नव्हते. सभागृहातून तो थेट घरी आला होता. गर्भपातावर सरसकट बंदी आणणारं विधेयक दुपारी एका मताने पडलं होतं, आणि ते मत त्याचं होतं. वाटेत बायकोचा निरोप आला होता, 'आईंनी रेडिओवर ऐकलंय. काही बोलत नाहीयेत.'

"आपल्या धर्मात जे पाप, तो देशात गुन्हा व्हायलाच हवा," असं धर्मगुरूंनी परवाच प्रार्थनेनंतर बजावलं होतं. आई पहिल्या रांगेत बसली होती. धर्मगुरूंची त्याला भीती नव्हती. फार तर पुढच्या निवडणुकीत पडला असता. आईच्या अबोल्याची मात्र होती. लहानपणी त्याने एकदा देवाची खोटी शपथ घेतली, तेव्हा आठवडाभर ती त्याला जेवायला वाढायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. भाषणांनी सभागृह दणाणून सोडणारा हा गृहस्थ आता हातावर रस्सा घेऊन शाळकरी पोरासारखा उभा होता.

त्याने रस्सा चाटला. चव काही कळेना.

"आई, आज मी..."

"आधी मीठ सांग. मला चाखता येत नाही, उपास आहे."

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे? कमी की जास्त?"

"आई, मी विरोधात मत दिलं!" आणि मग त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याला भेटायला एक शिक्षिका आली होती. पोटातलं बाळ जगणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. "ती आपल्या धर्माचीही नव्हती गं. पण कायदा तिलाही लागू झाला असता. तिला मी आपल्या ग्रंथातलं काय वाचून दाखवणार होतो?"

आईने गॅस बारीक केला. बायको दारात येऊन थांबली.

"मी ते पापच मानते," आई म्हणाली. "कुणी मला विचारलं, तर नको करू असंच सांगेन."

त्याने मान खाली घातली.

"पण बातमी ऐकल्यापासून इथे उभी राहून तुझ्या मताचाच विचार करत होते. बूट काढ आधी. घरभर माती केलीस. जेवायला बस."

त्याचा जीव भांड्यात पडला. अबोला धरलेली आई बुटांवरून ओरडत नाही. त्याने तळहात पुन्हा चाटला. आता चव लागली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि उगाचच हसला.

आईने चिमूटभर मीठ टाकलं आणि ताटं मांडली. त्याचं, सुनेचं, नातवंडांचं. स्वतःचं नाही. उपासाच्या दिवशी ती नेहमीच सगळ्यांच्या आवडीचा स्वयंपाक करायची आणि स्वतः पाणी पिऊन राहायची. त्याच्या ताटात दोन पळ्या रस्सा वाढून ती म्हणाली,

"वेड्या, इतकी वर्षं मी उपास करतेय. माझा उपास म्हणून तुला कधी उपाशी ठेवलं का?"