न सारवलेलं अंगण

अंगणात ओळीनं पालथी घातलेली टोपली होती. सुलोचनानं पहिल्या टोपल्यावर हात ठेवला, पण ते उचललं नाही. आधी मालकाला बोलू दे, हे तिचं ठरलेलं होतं. कडेवरची लेक पदर चोखत होती.

बाजेवर तिची सासू तानाबाई पडून होती. "आता दीक्षा घेतली, तुमची मेलेली ढोरं ओढणं बंद," एवढंच म्हातारी पुंडलिकराव मालकाला म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी घरात शिरून तिच्या डोक्यात काठी घातली. वाचाच गेली. सारा मोहल्ला कापूस वेचायला गेलेला. पाहिलं कुणीच नाही. सुलोचनाही अंगण सारवून, ओलंच टाकून शेतात गेली होती.

तेव्हापासून तिनं अंगणाला शेणाचा हात लावला नव्हता. शेजारची भागीरथा टोमणा मारायची, "काऊन वो, गावातलं शेण सरलं का?"

आज ठाणेदार आले होते, सोबत पंच.

"पुंडलिकराव, त्या दिवशी इथं आला होता?"

मालक अंगणाबाहेर, रस्त्यातच उभे होते. "मी? आमच्या सात पिढ्यांत कोणी या मोहल्ल्यात पाय नाई ठेवला, साहेब. विटाळ होते आमाले. विचारा गावाले."

पंचांनी माना डोलावल्या.

"लिहून घ्या, साहेब," सुलोचना म्हणाली. "पाय नाई ठेवला म्हणते मालक."

मग तिनं टोपलं उचललं. वाळलेल्या सारवणात जोड्याचा ठसा होता, टाचेला लोखंडी नाल, नालेचं एक टोक तुटकं. तिनं दुसरं टोपलं उचललं, मग तिसरं. ठसे थेट दारापर्यंत गेले होते आणि परत फिरले होते.

पंच एकमेकांकडे बघेनात. नालेचे जोडे गावात एकाच माणसाचे वाजायचे. लांबून आवाज आला की बाया वाट सोडून उभ्या राहायच्या. आज त्या पायांत कोऱ्या वहाणा होत्या.

"जोडे कुठे आहेत?" ठाणेदारांनी विचारलं.

"फाटले. फेकून देले."

"कुठे फेकले, ते शिपायाला दाखवा. त्याआधी इकडे येऊन हे बघा."

मालक जागचे हलले नाहीत. बाजेवर तानाबाईनं मान वळवली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

सुलोचनानं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बाजूला सरून जागा केली.

"या नं मालक," ती म्हणाली. "वाट तं तुम्हाले ठाऊकच हाये."