हिअर की लिसन

पाचवीच्या वह्या तपासताना साळवेबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. ‘वी ___ द बेल’ या गाळलेल्या जागेत ‘हिअर’च यायला हवं. घंटा आपसूक कानावर पडते. कान देऊन ऐकणं म्हणजे ‘लिसन’. गेल्या उन्हाळ्यात नगरच्या प्रशिक्षणात उमगलेला हा फरक त्यांनी पोरांना फळ्यावर तीनदा समजावला होता. तरी तेवीस पोरांनी ‘लिसन’च लिहून ठेवलेलं!

"कुणी शिकवलं रे हे?"

"वृषालीताईनं, बाई. शिकवणीत. तिच्या वहीत तसंच हाय."

वृषाली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. बारावी झाली न झाली तोच पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागली होती. शाळा सुटल्यावर बाई तरातरा तिच्या घरी निघाल्या. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीस आणि पोरांचं वाटोळं करतेस, हे तिला तोंडावर सुनवायचंच, असं वाटभर घोकत होत्या.

ओसरीवर पोरं दाटीवाटीनं बसली होती. बाईंना बघताच वृषाली लगबगीनं उठली, पाया पडली. बाई तोंड उघडणार, तोच तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक जुनी वही काढून त्यांच्या हातात दिली.

"मी माज्या मनाचं काईच शिकवत न्हाई, बाई. पाचवीत तुमी सांगितलेला शब्दन् शब्द कान देऊन ऐकला, त्योच ह्यांना सांगते."



बाईंनी वही उघडली. ‘वी लिसन द बेल’समोर लाल शाईत ‘शाब्बास’ लिहिलेलं होतं, आणि खाली बाईंची सही: १४-८-९१.