निळ्या तुकड्यावरचं बटण

तुम्ही आमच्या मेलेल्यांना खोटं ठरवलंत, साहेब. भर सभेत म्हणालात, "या कापसाच्या मळ्यात गुलाम पुरल्याचा कागद दाखवा, नाहीतर इथं वाहनतळ होणार." गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरवणारे तुमचेच आजे-पणजे, मग आम्ही कागद कुठला आणणार? लव्हीनियामावशीनं टेबलावर गोधडी पसरली. "थंडी वाजतेय का, आजीबाई?" तुम्ही हसलात. "तुम्हाला वाजेल आता," मावशी म्हणाली. आमच्यात माणूस पुरताना त्याच्या अंगावरच्या सदऱ्याचा तुकडा कापून गोधडीत लावतात, आणि टाके घालताना बाया त्याच्यावर रचलेल्या ओळी म्हणतात. मावशीनं बटण असलेल्या निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं: "ओकच्या झाडापासून सात पावलं, सायलस निजला, लेक विकली त्यांनी, तिथंच तो विझला." आम्ही सगळ्यांनी मागून म्हटलं. आज सात पावलांवर खणलं. सायलसच्या बरगड्यांत जोडीचं बटण मिळालं. गोधडीत अजून चाळीस तुकडे आहेत. सांगा साहेब, खोटं कोण?