सावली

सगळ्या कोळंब्या जिवंत होत्या, आणि म्हणूनच धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

प्रयोगशाळेत ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. टेबलावर काचेच्या दोन टाक्या. एकीत नुसतं समुद्राचं पाणी, दुसरीत नव्या कीटकनाशकाचा अंश. औषध बागेतल्या किडीसाठी. कोळंबीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण बागेतून ते ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत उतरणारच. ठरलेल्या मुदतीत कोळंबी मेली नाही, तर औषध पास. साहेबांनी संध्याकाळपर्यंत सही मागितली होती.

ताई सकाळपासून स्टुलावर ठाण मांडून बसली होती. तिची अर्धी बाग किडीने फस्त केली होती आणि जुन्या औषधांना कीड आता दाद देत नव्हती. किती मेल्या, असं तिने विचारलं. एकही नाही, हे ऐकून तिचा चेहरा उजळला.

"मग घोडं अडलं कुठे?"

धाकटीने पहिल्या टाकीवर हात फिरवला. वरून माशासारखी सावली पडताच कोळंब्या शेपटी मारून दगडांआड पसार झाल्या. मग दुसऱ्या टाकीवर हात धरला. कोळंब्या होत्या तिथेच राहिल्या, मिशा हलवत.

ताई म्हणाली, "मासे कोळंबी खातातच की गं. आजवर काय सोडत होते?"

"काही निसटायच्या, ताई."

धाकटीने साहेबांना फोन लावला. सही करणार नाही, टाकीत मासा सोडून पुन्हा चाचणी घ्यायला हवी, असं सांगितलं. मेल्या की जगल्या एवढंच विचारलंय, साहेब म्हणाले. मग विचारलंय तेच चुकलंय, असं म्हणून तिने फोन ठेवला. चाचणी पुन्हा म्हणजे हा हंगाम गेला, हे दोघींनाही कळत होतं.

ताई पिशवी घेऊन उठली. दारापर्यंत गेली आणि माघारी फिरली. दुसऱ्या टाकीवर वाकून तिने हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग बोटाने काच ठोठावू लागली, आधी हळू, मग जोरात.

"पळा की गं," ती म्हणत होती, "पळा ना."