सव्वासहाची तक्रार

“बारापर्यंत गुन्हेगार सापडला नाही, तर लॅब आपल्याला सोडून जाणार,” मॅडम म्हणाल्या आणि पोस्टमास्तरच्या टेबलावरचा त्याचाच चहा पिऊन निघून गेल्या.

पोस्टमास्तर हे नाव त्याला ऑफिसनं दिलं होतं. लोकांच्या वेबसाइट आणि मेल सांभाळणाऱ्या त्या कंपनीत कुणाची मेल पोहोचली नाही, की शिव्या त्याला पडायच्या. आज पोटभर पडल्या होत्या. कंपनीचे दोनशे छप्पन्न आयपी पत्ते सकाळीच स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत गेले होते. खोडी एकाच पत्त्याची, पण यादीवाले अख्खी गल्ली बंद करतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्याच गल्लीत रक्त तपासणारी लॅब होती आणि तिचे रिपोर्ट पेशंटांना पोहोचत नव्हते. लॅबचे डॉक्टर तीनदा फोनवर ओरडून झाले होते.

यादीतून सुटायचा फॉर्म अगदी सरळ होता. गुन्हेगार कोण? त्याचं काय केलंत? खातं बंद केलं, याशिवाय दुसरं उत्तर यादीवाल्यांना चालत नसे.

साडेअकराला पत्ता सापडला. खातं त्याच्या स्वतःच्या वडिलांचं होतं.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वडील वेधशाळेतून निवृत्त झालेले. आई गेल्यावर त्यांनी गच्चीत तापमापक लावला आणि रोज पहाटे जुन्या सहकाऱ्यांना आणि घरच्यांना मेल धाडायला सुरुवात केली. किमान सतरा पूर्णांक दोन. वारा मंद. आकाश निरभ्र. कळावे. खातं पोस्टमास्तरनंच उघडून दिलं होतं, म्हातारा रमेल म्हणून. म्हातारा रमला. सुरुवातीला नव्वद जण होते. काहींनी हात जोडून नाव काढायला सांगितलं, काही वर गेले. आता अकरा उरले होते.

अकरा मेलांनी काळी यादी? पण यादीवाले आकडा बघत नाहीत, प्रमाण बघतात. हजारात एकानं स्पॅमचं बटण दाबलं तरी त्यांच्या भुवया चढतात. इथे अकरात एक, तोही जवळजवळ रोज. एवढं तर अट्टल भामट्यांनाही जमत नाही.

कोण हा खडूस? पोस्टमास्तरला खरंच राग आला. म्हाताऱ्या माणसाला सरळ सांगता येत नाही? त्यानं तक्रारी उघडल्या. सगळ्या सकाळच्या. सहा चौदा. सहा सोळा. सहा पंधरा. तक्रारदाराचा पत्ता खुद्द पोस्टमास्तरचाच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

उठल्या उठल्या अंथरुणातच फोन घ्यायचा, नको ते अंगठ्यानं स्पॅमचं बटण दाबून उडवायचं, मग दात घासायचे. दोन वर्षं हेच चाललं होतं. मेल कुणाची ते पाहिलं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरलं असतं. पाहिलं होतं. बाबांची आहे, संध्याकाळी फोनच करू, असं म्हणून उडवलं होतं. शेवटचा फोन कधी केला ते त्याला आठवेना. त्याला लाज वाटली.

बाराला दहा कमी असताना त्यानं फोन लावला.

“बाबा, तुमचं खातं बंद करावं लागतंय. चूक माझीच आहे, पण...”

“कर की,” वडील म्हणाले. “लोकांची कामं अडायला नकोत.”

त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि थांबला. प्रत्येक तक्रारीची प्रत खातेदाराला आपोआप जाते. ती बघून खातेदारानं तक्रारदाराचं नाव आपल्या मेल धाडायच्या यादीतून काढायचं असतं. हा नियम त्यानंच बसवला होता.

“बाबा, माझी तक्रार तुम्हाला रोज येत होती. मग माझं नाव का नाही काढलंत?”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“काढलं असतं, तर तू उठलास हे मला कसं कळलं असतं? सव्वासहाला तुझी तक्रार आली, की मी लिहून ठेवतो.” आणखी एक पान उलटलं. “बरं झालं फोन केलास. विचारायचंच होतं. गेल्या महिन्यात पाच दिवस नोंद नाही. आजारी होतास का रे?”