कपाटाचं कुलूप

मेन स्विचला दोन कुलपं लटकत होती. ज्याचा हात मशीनमध्ये, त्याचं कुलूप स्विचवर, असा नियम. लाल कुलूप इलेक्ट्रिशियनचं. दुसरं पितळेचं, जेमतेम अंगठ्याएवढं.

"हे खेळणं कुणी लावलं?" सुपरवायझर वैतागला. पीठ मळायचं भलंमोठं मशीन सकाळपासून बंद, आणि वरून सारखे फोन. "फिटर जेवायला गेलाय. तोड ते आणि कर चालू."

इलेक्ट्रिशियनचं काम झालंच होतं. त्याने आपलं कुलूप काढलं आणि कटर उचलला. फिटर म्हणजे त्याचे दाजी, आणि दाजी काही कुलूप लावणाऱ्यातले नव्हते. यावरून दोघांची कायम जुंपायची. फिटरला मशीन थांबलेलं दिसलं की ते बंद. इलेक्ट्रिशियनच्या लेखी टेस्टर लावेपर्यंत ते चालूच. परवा जेवताना तो बोलून गेला होता, "ताई, हे एक दिवस पिठात मळून निघतील बघ." दाजी खो खो हसले होते. ताई हसली नव्हती.

कटरचं तोंड कडीवर टेकलं तेव्हा त्याला कुलपावरचा नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिसला.

हे तर ताईच्या कपाटाचं कुलूप!

कटर फेकून तो धावला आणि मशीनच्या पोटात वाकून जीव खाऊन ओरडला, "दाजी!"

"अरे, केवढ्याने ओरडतोस! एकच बोल्ट राहिलाय."

तो तिथेच फरशीवर बसला. इतकं हायसं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. सुपरवायझरही शेजारी टेकला.

दाजी पीठ झटकत बाहेर आले.

"किल्ली द्या," सुपरवायझर म्हणाला.

"ती बायकोकडे." दाजींनी मान खाजवली. "कुलूप उघडंच हातात दिलं तिने. म्हणाली, नुसतं दाबून लावा. किल्लीसाठी फोन कराल, तेव्हा मला कळेल की बाहेर आलात."

अर्ध्या तासात ताई गेटवर हजर. सुपरवायझरने लगबगीने हात पुढे केला. तिने मूठ उघडली नाही.

"आधी हात दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यांनी ग्रीसने माखलेले दोन्ही पंजे निमूटपणे पुढे केले. भर गेटवर, सगळ्यांदेखत, तिने एकेक बोट धरून दहाही मोजली. मग किल्ली दिली.