सीताफळाचा मिल्कशेक

"आई, बियांसकट फिरवू नको. कडू हुतंय."

श्रीनाथनं दप्तर कोपऱ्यात टाकलं, हात धुतले आणि आईपुढची परात स्वतःकडं ओढली. किल्लारीहून जीपवाल्यानं आणून दिलेली सीताफळं उन्हानं एकदमच पिकली होती. वर्षाराणी एकेक बी बोटानं काढत बसली होती. अशानं दिवाळी उजाडली असती. त्यानं मोठ्या भोकांची चाळणी घेतली, गर घोळला, दाबला. बिया वर, गर खाली. बोलता बोलता परात रिकामी.

"लई सराईत हात हाय रं."

"क्लासमधली पोरं रूमवर करतेत. बघून बघून येतंय."

लातूरच्या त्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक आई स्वयंपाक करायची आणि एक लेकरू डॉक्टर व्हायचं. वर्षाराणीही घरदार, नवरा, शेत मागं ठेवून त्यासाठीच आली होती. भूकंपात तिच्या नवऱ्याची, बजरंगची, धाकटी बहीण ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, पण डॉक्टर येईपर्यंत टिकली नाही. तेव्हापासून बजरंगचं एकच म्हणणं, आपल्या घरात एक डॉक्टर पाहिजे. श्रीनाथ जन्मायच्या आधीच त्याचं ठरून गेलं होतं. टेस्टचे मार्क विचारले की तो "बरे हायेत" एवढंच म्हणायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फोन वाजला. बजरंगचाच.

"लेकरू काय करायलंय?"

"आत्ताच क्लासवरून आलंय," वर्षाराणी म्हणाली. "सकाळपास्नं तिथंच व्हतं. दमलंय."

"खाऊ घाल चांगलं. आता थोडंच राहिलंय."

"हाव."

तिनं फोन ठेवला. श्रीनाथ खाली मान घालून चाळणी धूत बसला. स्वच्छ झाली तरी धूतच राहिला. तिला फार रडू येत होतं, पण लेकरापुढं रडून कसं चालेल?

आइस्क्रीमचा डबा घरमालकिणीच्या फ्रिजमधून आला, मिक्सरही तिचाच. दाराच्या खिळ्याला वर्षाराणीचा उन्हाचा स्कार्फ लटकत होता. भर दुपारी तो तोंडाला गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून ती बाजारातून हा डबा घेऊन आली होती.

"दूध थोडंच घाल," श्रीनाथ म्हणाला. "आइस्क्रीम शेवटी. आधी घातलं की पातळ हुतंय."

तिनं तसंच केलं. मिक्सर घरघरला, ओटा थरथरला आणि तिचा हात आपोआप भिंतीवर गेला. लहानपणीच्या त्या भूकंपाच्या पहाटेपासूनची सवय. घरघर थांबली तरी हात थोडा वेळ तिथंच राहिला.

"आई, मला तुला एक सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"आधी पी."

तिनं स्टीलच्या पेल्यात शेक ओतला आणि बाजूला काढून ठेवलेला न फिरवलेला गर चमचाभर वर सोडला.

श्रीनाथचा हात पेल्याजवळ थांबला.

"गर वरून घालायचं कुणी शिकवलं तुला?"

वर्षाराणीनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

"क्लाससमोरच्या ज्यूस सेंटरवर, आज दुपारी," ती म्हणाली. "'मावशी, अजून गर घालू का?' म्हणून तूच तर इचारलंस मला."